जॉन फोल्ड्स आणि पेटीचा प्रश्न

बंगळुरास बदलून आलेला मराठी रसिक चामराजपेठेतील रामनवमीच्या संगीतोत्सवास प्रथम जाऊन बसतो, तेव्हा त्याला एक उणीव हटकून जाणवते. गायकाच्या साथीला पेटी नसते, व्हायोलिन असते. दोन्ही वाद्ये मूळची परकीयच. मग एकीला मज्जाव आणि दुसऱ्याला मान, असे का? या प्रश्नाशी एका इंग्रज संगीतरचनाकाराचे नाव निगडित आहे. ते म्हणजे जॉन फोल्ड्स.

फोल्ड्स १८८० साली मँचेस्टरला जन्मला. १९०० मध्ये तो तेथील विख्यात हॅले वाद्यवृंदात चेलोवादक झाला. पुढे नाटकांसाठी संगीत लिहून त्याने चरितार्थ चालविला. पहिल्या महायुद्धातील मृतांसाठी रचलेले त्याचे ‘वर्ल्ड रेक्विएम’ १९२३ ते १९२६ अशी चार वर्षे लंडनमध्ये युद्धसमाप्तीच्या स्मृतिदिनी शेकडो गायकवादकांनी सादर केले.

त्याच्या कलेला वळण लावले ते मॉड मॅकार्थी या आयरिश व्हायोलिनवादिकेने. शतकाच्या आरंभी अ‍ॅनी बेझंट यांच्यासमवेत हिंदुस्थानात येऊन तिने येथील गायनाचा अभ्यास केला होता. तिच्या सहवासात फोल्ड्सला दक्षिणेतील बहात्तर मेलांचा परिचय झाला. सतराव्या शतकात व्यंकटमखीने मांडलेल्या याच मेलपद्धतीचा धागा धरून आपल्या भातखंड्यांनी उत्तरेकडील रागांचे दहा थाट बांधले, हे वाचकांना ठाऊक आहेच. फोल्ड्सचा समकालीन होल्स्ट संस्कृत शिकला. त्याने ऋग्वेदातील सूक्ते आणि सावित्रीची कथा संगीतात आणली. त्याने मुख्यतः शब्द आणि आख्यान घेतले. फोल्ड्सने स्वरच घेतले. ‘थ्री मंत्राज’ या रचनेतील तिसरा मंत्र त्याने एका दाक्षिणात्य स्वरसप्तकाबाहेर पाऊल न टाकता लिहिला.

१९३५ साली तो हिंदुस्थानात आला आणि दिल्लीच्या आकाशवाणीवर पाश्चात्य संगीताचा प्रमुख झाला. देशी वादकांना एकत्र करून त्याने त्यांचा वाद्यवृंद उभारला. १९३८ मध्ये त्याने पेटीवर कडक टीका करणारा लेख लिहिला. पुढल्याच वर्षी, एप्रिल १९३९ मध्ये, कलकत्त्यास पटकीने त्याचा अंत झाला. मार्च १९४० पासून आकाशवाणीने पेटी बंद केली. त्यामागे एकटा फोल्ड्स नव्हता. रवींद्रनाथांसारख्यांचाही पेटीला विरोध होता. ही बंदी १९७१ साली अंशतः उठली.

फोल्ड्सचा आक्षेप पोकळ नव्हता. पेटीच्या पट्ट्या ठरलेल्या. तीतून मींड निघत नाही, श्रुतींचे बारकावे हाती लागत नाहीत. व्हायोलिनला पडदे नसतात. म्हणूनच दक्षिणेच्या गमकांना ते वश झाले. तथापि एक विसंगती येथे नजरेआड करता येत नाही. ‘एसेज इन द मोड्स’ या पियानोरचनांत फोल्ड्सने अशीच निरनिराळी स्वरसप्तके हाताळली, आणि पियानोची अडचण तर पेटीसारखीच! ठरलेल्या पट्ट्यांवर मेल मांडता येतो. राग मात्र स्वरांच्या यादीत मावत नाही, तो त्यांच्या चालीत असतो. पियानोपुरती ही मर्यादा त्याला चालली, पेटीपुरती चालली नाही.

फोल्ड्सच्याच पिढीतील गोविंदराव टेंबे यांनी मराठी रंगभूमीवर आणि मैफलीत पेटीला जी प्रतिष्ठा मिळवून दिली, ती या मर्यादेसकट. पेटीने गळ्याची बरोबरी करावी, असा आग्रह साथीत नसतो. गायकाच्या मागून जावे, त्याच्या विसाव्याची जागा भरावी, एवढेच तिचे काम. हा विवेक वाद्यात नसतो, वाजविणाऱ्यात असतो. म्हणून दोष ओळखणे हे फोल्ड्सचे श्रेय, तर बंदी हे त्यावरील उत्तर नव्हे.

२००७ साली त्याचे ‘रेक्विएम’ लंडनमध्ये पुन्हा ऐकले गेले. पेटीही आकाशवाणीवर परतली आहे. चामराजपेठेत मात्र व्हायोलिनच वाजते, आणि ते कोणत्याही फर्मानाने नव्हे. त्या गायकीच्या गरजेनेच.