तेराव्या वर्षी थांबवलेल्या मुली : ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या महिला लीगची कहाणी

#धागा #इतिहास

१/ ३ फेब्रुवारी २०१७ ची संध्याकाळ. मेलबर्नच्या प्रिन्सेस पार्क मैदानाची फाटके बंद झाली आहेत. आत २४,५६८ प्रेक्षक आहेत आणि बाहेर हजारो माणसे ताटकळत उभी आहेत. ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीगचे (एएफएल) मुख्य कार्यकारी अधिकारी गिलन मॅक्लॉक्लन स्वतः बाहेर येऊन लोकांची क्षमा मागत आहेत. आत सुरू होणारा सामना महिलांचा आहे.

२/ हा सामना आधी एका लहान मैदानावर व्हायचा होता. गर्दीचा अंदाज आल्यावर तो प्रिन्सेस पार्कला हलवण्यात आला, तरीही जागा पुरली नाही. प्रवेश विनामूल्य होता हे खरे. परंतु फुकटात मिळते म्हणून कोणी शुक्रवारच्या संध्याकाळी बंद फाटकासमोर उभे राहत नाही. ही माणसे कशाची वाट पाहत होती, हे कळण्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागेल.

३/ आधी खेळाविषयी थोडेसे. ‘ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल’, तिथल्या बोलीत ‘फूटी’. मैदान क्रिकेटचे, लंबगोल, चेंडूही लंबगोल. दोन्ही टोकांना प्रत्येकी चार उंच खांब. मधल्या दोन खांबांतून चेंडू लाथेने पार केला की गोल, म्हणजे ६ गुण. बाजूच्या खांबांमधून गेला तर ‘बिहाइंड’, म्हणजे १ गुण. चेंडू हाताने फेकायचा नाही. लाथेने मारायचा किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ढकलायचा. ऑफसाइडचा नियम नाही, त्यामुळे कोणीही कुठेही धावू शकतो. ही शेवटची गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

४/ क्रिकेटशी नाते केवळ मैदानापुरते नाही. हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग आखडू नये म्हणून फुटबॉल क्लब काढावा, अशी सूचना टॉम विल्स या क्रिकेटपटूने जुलै १८५८ मध्ये एका वृत्तपत्राला पत्र लिहून केली. मे १८५९ मध्ये मेलबर्न क्लबने नियम लिहून काढले. आपण ज्या एमसीजीला बॉक्सिंग डे कसोटीमुळे ओळखतो, त्याच्या परिसरातच हा खेळ जन्मला.

५/ स्त्रिया या खेळाच्या भोवती पहिल्यापासून होत्या. एकोणिसाव्या शतकातील मेलबर्नमध्ये सामन्यांना येणाऱ्या स्त्रियांची संख्या पाहून परके पाहुणे थक्क होत. आपल्या संघासाठी घसा कोरडा करणाऱ्या, पंचाला शिव्या घालणाऱ्या स्त्रिया तिथे नवलाच्या नव्हत्या. प्रेक्षक म्हणून त्यांना पूर्ण मुभा होती. मज्जाव होता तो मैदानाच्या कुंपणापलीकडे.

६/ स्त्रियांच्या संघटित सामन्यांचा आरंभ साधारणपणे १९१५ चा मानला जातो. स्थळ पर्थ, आणि खेळाडू कोण? मोठ्या दुकानांत काम करणाऱ्या मुली. पहिल्या महायुद्धाने तरुण पुरुष परदेशी नेले होते. पुढची कित्येक दशके स्त्रियांचे सामने झाले ते असेच, कुठे निधिसंकलनासाठी, कुठे गंमत म्हणून. सामना झाला, वर्गणी जमली, वर्तमानपत्रात छायाचित्र आले, आणि मुली घरी गेल्या. पुढल्या वर्षी तोच संघ पुन्हा उतरेल याची शाश्वती नाही.

७/ सलगता आली ती १९८१ मध्ये. त्या वर्षी व्हिक्टोरियात चार संघांची महिला लीग उभी राहिली. पैसा नाही, प्रसिद्धी नाही, मैदाने उरलीसुरली. या लीगमध्ये डेबी ली तीनशेहून अधिक सामने खेळल्या आणि पुढे तिचा कारभारही त्यांनी सांभाळला. २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मध्ये खेळाडू म्हणून स्थान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. आजच्या लीगचा पाया या अनाम, अर्धप्रकाशित मैदानांवर घातला गेला, हे बहुतेक वृत्तांतांतून निसटते.

८/ आता या इतिहासाच्या गाभ्याकडे येऊ. लहानपणी मुली मुलांच्या संघांत खेळू शकत. परंतु तेरा-चौदाव्या वर्षी त्यांना थांबवले जाई. त्यानंतर मुलींसाठी संघ नव्हते. प्रौढ महिलांच्या लीगमध्ये जायला अजून काही वर्षांचा अवकाश. ज्या वयात खेळाडूचे कौशल्य हाडीमाशी मुरते, नेमकी तीच वर्षे कोरी.

९/ हा प्रश्न न्यायासनापुढे गेला. तीन मुलींनी व्हिक्टोरियाच्या न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. त्यांतील एक पेनी क्यूला-रीड. समान संधीचा कायदा भेदभावाला मनाई करत होता, पण जिथे ताकद, दमसास वा शरीरयष्टी महत्त्वाची आहे अशा स्पर्धेतून बारा वर्षांवरील मुलामुलींना वगळण्याची सवलतही देत होता. २००४ मध्ये निर्णय आला. चौदा वर्षांखालील गटातील मुलीला खेळता येईल; मोठ्या दोघींना नाही. पेनी मोठ्या दोघींपैकी एक होती.

१०/ म्हणजे ती हरली. पण हरताना तिने एक प्रश्न उघडा पाडला: मुलांबरोबर खेळू देत नाही, ठीक आहे, मग खेळायचे कुठे? त्याच वर्षी व्हिक्टोरियात केवळ मुलींसाठी युवा स्पर्धा सुरू झाली. माझ्या मते या खेळातील महिलांच्या दर्जाचा इतिहास लिहायचा तर त्याचे पहिले पान २०१७ चे नव्हे, २००४ चे असायला हवे. पेनी पुढे कॉलिंगवुडकडून राष्ट्रीय लीगमध्ये खेळली.

११/ पुढच्या घटना वेगाने घडल्या. २०१३ मध्ये एमसीजीवर मेलबर्न आणि वेस्टर्न बुलडॉग्ज यांच्या महिला संघांचा प्रदर्शनीय सामना झाला. त्यासाठीच्या खेळाडू-निवडीत पहिले नाव पुकारले गेले ते डेझी पियर्स यांचे. पेशाने त्या सुईण होत्या. राष्ट्रीय लीग २०२० साली काढू, असे एएफएलचे गणित होते. प्रदर्शनीय सामन्यांचा प्रतिसाद पाहून ते तीन वर्षे अलीकडे ओढण्यात आले आणि २०१७ मध्ये आठ संघांची ‘एएफएलडब्ल्यू’ सुरू झाली.

१२/ नियमांत काही फरक केले गेले. पुरुषांचे १८, तर महिलांचे १६ खेळाडू मैदानावर, चेंडू किंचित लहान, डाव छोटे. पहिल्या हंगामात बहुसंख्य खेळाडूंचे मानधन होते ८,५०० ऑस्ट्रेलियन डॉलर. आधी तर ५,००० देऊ केले होते. दिवसभर शिक्षिका, परिचारिका, सुतार म्हणून राबायचे आणि संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात सराव करायचा. ‘दर्जा’ या शब्दाविषयी बोलताना हे वेळापत्रक डोळ्यांपुढे असू द्यावे.

१३/ त्या पहिल्या संध्याकाळी लीगचा पहिला गोल कॉलिंगवुडच्या जॅस्मिन गार्नर यांनी मारला. पण सामना कार्ल्टनने ४६–११ असा सहज जिंकला. डार्सी व्हेशियो यांनी चार गोल केले. आणि दुसऱ्या दिवसापासून जो आक्षेप सुरू झाला तो आजतागायत संपलेला नाही: गुण फार कमी होतात, चेंडू सारखा हातातून सुटतो, सगळ्या जणी चेंडूभोवती गोळा होतात. थोडक्यात, दर्जा नाही.

१४/ आक्षेप सर्वस्वी खोटा नव्हता. २०१८ च्या हंगामाची पहिली फेरी इतकी कोरडी गेली की एएफएलने प्रशिक्षकांना लेखी सूचना धाडली: खेळाडू पसरवून ठेवा, सगळ्यांना बचावात कोंबू नका. ऑफसाइड नसलेल्या खेळात बचाव शिकवणे सोपे असते. माणसे मागे खेचली की झाले. त्या गर्दीतून धावत्या पायाने अचूक लाथ मारणे मात्र वर्षानुवर्षांच्या सवयीशिवाय येत नाही. अल्प सरावात प्रशिक्षकांनी जे शिकवता येईल ते शिकवले, इतकेच.

१५/ इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने जरा थांबावे. पुरुषांचा खेळ जन्मला तेव्हा कसा होता? ऑगस्ट १८५८ मध्ये स्कॉच कॉलेज आणि मेलबर्न ग्रामर या शाळांमध्ये जो प्रसिद्ध सामना झाला, त्यात एकेका बाजूला चाळीस खेळाडू होते. तो तीन शनिवार चालला. निकाल? प्रत्येकी एक गोल. बरोबरी!

१६/ बरे, तो बाल्यकाळ म्हणून सोडून देऊ. व्हिक्टोरियन फुटबॉल लीग, म्हणजे आजच्या एएफएलची पूर्वज, १८९७ मध्ये सुरू झाली. सेंट किल्डा हा तिचा संस्थापक संघ पहिले ४८ सामने ओळीने हरला. १८९९ मध्ये जिलाँगविरुद्ध त्याने पूर्ण सामन्यात मिळवलेले गुण होते १. अक्षरी एक. जिलाँगचे १६२. त्यावरून कोणी ‘पुरुषांना हा खेळ जमत नाही’ असा निष्कर्ष काढल्याचे ऐकिवात नाही. सेंट किल्डाला मात्र सुधारायला वेळ मिळाला, भरपूर मिळाला.

१७/ महिलांना मिळालेला वेळ कसा होता ते एरिन फिलिप्स यांच्याकडे पाहून कळते. वडील ग्रेग फिलिप्स पोर्ट अॅडलेड क्लबचे नामवंत खेळाडू. एरिन यांनाही फूटीचेच वेड. पण तेराव्या वर्षी वाट बंद. त्या बास्केटबॉलकडे वळल्या, २००८ च्या ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले, अमेरिकेच्या व्यावसायिक लीगमध्ये दोनदा विजेतेपद पाहिले. महिला लीग निघाली तेव्हा त्या एकतिसाव्या वर्षी परत आल्या. आणि पहिल्याच हंगामात लीगच्या सर्वोत्तम खेळाडू ठरल्या! अंतिम सामन्यात अॅडलेडने ब्रिस्बेनला ३५–२९ असे हरवले, तिथेही सर्वोत्तम त्याच.

१८/ ही कथा प्रेरणादायी म्हणून सांगितली जाते. मला ती तितकीच अस्वस्थ करते. अठरा वर्षे न खेळता जी बाई पहिल्याच फटक्यात देशात पहिली येते, ती त्या अठरा वर्षांत काय झाली असती? आणि ज्यांना बास्केटबॉलसारखा दुसरा आसरा नव्हता, त्यांचे काय झाले?

१९/ आता दुसरे टोक पाहा. २०२० ची सर्वोत्तम खेळाडू ठरली मॅडिसन प्रेस्पाकिस, वय १९. ही मुलींच्या युवा स्पर्धांमधून घडून आलेल्या पिढीतली. एकतिसाव्या वर्षी परतलेली फिलिप्स आणि एकोणिसाव्या वर्षी अव्वल ठरलेली प्रेस्पाकिस, यांच्यात हंगाम अवघे तीन; पण मधे अख्खी एक व्यवस्था उभी राहिली आहे. आयर्लंडमधून गेलिक फुटबॉल खेळलेल्या मुलीही येऊ लागल्या. लंबगोल चेंडू त्यांना नवा होता, पण धावता धावता हात-पाय दोन्ही वापरण्याची सवय जुनी.

२०/ ३१ मार्च २०१९, अॅडलेड ओव्हल. अंतिम सामन्याला ५३,०३४ प्रेक्षक. अॅडलेडने कार्ल्टनचा ६३–१८ असा धुव्वा उडवला. तिसऱ्या डावात फिलिप्स यांचा गुडघा गेला. त्यांना मैदानाबाहेर नेताना प्रेक्षक उभे राहिले, प्रतिस्पर्धी संघाचे पाठीराखेसुद्धा. (क्रिकेटप्रेमींसाठी एक नोंद: पुढच्याच वर्षी ८ मार्चला एमसीजीवर महिला टी-२० विश्वचषकाचा अंतिम सामना ८६,१७४ लोकांनी पाहिला. त्या भारतीय संघात सांगलीची स्मृती मानधना होती आणि मुंबईची जेमिमा रॉड्रिग्जही.)

२१/ त्याच महिन्यात आणखी एक गोष्ट घडली. कार्ल्टनच्या टेला हॅरिस यांचे, चेंडूला लाथ मारून उजवा पाय उंच गेलेला आणि संपूर्ण शरीर हवेत असलेले छायाचित्र मायकल विल्सन यांनी टिपले. समाजमाध्यमांवर त्याखाली इतक्या गलिच्छ प्रतिक्रिया आल्या की प्रसारक वाहिनीने छायाचित्रच काढून टाकले. शिवीगाळ करणारे राहिले, खेळाडू हटवली गेली! संतापाची लाट उसळल्यावर वाहिनीने क्षमा मागून ते पुन्हा लावले. सहा महिन्यांत त्या लाथेचा ३.३ मीटर उंच पुतळा मेलबर्नच्या फेडरेशन स्क्वेअरमध्ये उभा राहिला. दर्जाविषयी वाद घालणाऱ्यांनी त्या छायाचित्रातील पायाची रेषा एकदा नीट न्याहाळावी.

२२/ पण लोकप्रियतेचा आलेख सरळ वर गेला नाही. २०२० चा हंगाम महामारीमुळे विजेत्याविना गुंडाळावा लागला. आठाचे दहा, दहाचे चौदा आणि २०२२ मध्ये अठरा संघ झाले. प्रत्येक विस्तारात चांगल्या खेळाडू विखुरल्या आणि दर्जा काही काळ खाली बसला. हंगाम उन्हाळ्यातून हलवून ऑगस्टअखेरीस सुरू केला गेला, तेव्हा पुरुषांच्या बाद फेऱ्यांच्या सावलीत गर्दी रोडावली.

२३/ यातून एक चक्र तयार झाले आहे. प्रेक्षक यायला दर्जा हवा. दर्जा वाढायला अधिक सामने आणि पूर्णवेळ सराव हवा. त्यासाठी पैसा हवा, आणि पैसा प्रेक्षकांकडे बोट दाखवतो. २०२२ मध्ये मानधन जवळजवळ दुप्पट झाले. किमान रक्कम ३९,१८४ डॉलर. २०२३ च्या करारात पुरुष आणि महिला खेळाडूंचा प्रथमच एकत्र विचार झाला, बारमाही करार आले. पण सामन्यांची संख्या वाढवणे मात्र प्रेक्षकसंख्येच्या अटीशी बांधले गेले. पुरुषांच्या लीगला तिच्या पहिल्या दहा वर्षांत अशी अट कोणी घातली नव्हती.

२४/ आणि गुणफलक? नोव्हेंबर २०२२ चा अंतिम सामना मेलबर्नने ब्रिस्बेनविरुद्ध १९–१५ असा जिंकला. आकडे २०१७ पेक्षाही कमी! तरीही तो सामना पाहणाऱ्यांनी शेवटच्या मिनिटापर्यंत श्वास रोखून धरला होता, कारण हे गुण गोंधळामुळे कमी नव्हते. दोन शिकलेल्या बचावफळ्या एकमेकींना इंचही देत नव्हत्या. १८ च्या कोरडेपणात आणि या १९ मध्ये फरक आहे, तो आकड्यात दिसत नाही. चषक उंचावणारी कर्णधार होती डेझी पियर्स, वय ३४. तो त्यांचा अखेरचा सामना. पुढे त्या वेस्ट कोस्ट संघाच्या मुख्य प्रशिक्षक झाल्या.

२५/ फिलिप्स? २०२२ मध्ये पोर्ट अॅडलेडने महिला संघ उतरवला, तेव्हा वडिलांच्या त्या क्लबच्या पहिल्या कर्णधार त्याच होत्या. २०२४ चा अंतिम सामना पुन्हा प्रिन्सेस पार्कवर झाला. नॉर्थ मेलबर्नने ब्रिस्बेनला ३० गुणांनी हरवले. सबंध हंगामात त्यांना कोणीही हरवू शकले नव्हते. विजेत्या संघात जॅस्मिन गार्नर होत्या, २०१७ च्या त्या संध्याकाळी याच मैदानावर पहिला गोल मारणाऱ्या.