म्हातारपणीचा मुतखडा : ‘आता या वयात कशाला ऑपरेशन?’ या प्रश्नाचा इतिहास

पोस्ट मोठी आहे. घरात साठी-सत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर सवडीने वाचा, पण पूर्ण वाचा.

गावाकडच्या पत्रकाराला बातम्यांपेक्षा दवाखान्याचे फोन जास्त येतात. निफाड, येवला, सिन्नर, कुठूनही. प्रश्न ठरलेला. “भाऊ, वडिलांना किडनीत खडा निघालाय. डॉक्टर ऑपरेशन म्हणतायत. वय ७४, शुगर आहे, हार्टची गोळी चालू आहे. करावं का? का राहू द्यावं?” मागून घरातल्या कुणाचा तरी आवाज येतो, “आता या वयात कशाला चिरफाड?”

मी डॉक्टर नाही. करा किंवा नका करू, हे मी सांगत नाही. पण या वाक्यामागची भीती कुठून आली हे शोधायला बसलो, तर फार जुनी गोष्ट हाताला लागली. आणि ती भीती एकेकाळी शंभर टक्के बरोबर होती!

सुरुवात सुश्रुतापासून. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात अश्मरीवर, म्हणजे मुतखड्यावर, आख्खा अध्याय आहे. हा खडा मूत्राशयातला, किडनीतला नव्हे. रोग्याला उताणं झोपवायचं, गुडघे दुमडून बांधायचे, गुदद्वारातून दोन बोटांनी खडा खाली आणायचा, मधल्या शिवणीच्या डाव्या बाजूला जवाएवढं अंतर सोडून छेद घ्यायचा आणि खडा अख्खा काढायचा. तुकडा आत राहिला तर तो परत वाढतो, हेही लिहून ठेवलंय. भूल नाही, जंतुनाशक नाही, तरी इतका बारकावा.

पण त्याहून महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. आधी औषध द्या, शस्त्र हा शेवटचा उपाय, असं सुश्रुत सांगतो. शस्त्र केलं नाही तर मरण नक्की, केलं तर जगेल की नाही याची शंका. म्हणून आधी राजाची परवानगी घ्या आणि मगच हात लावा. आज ऑपरेशनआधी आपण सही करतो ना, त्या कागदाचा हा पूर्वजच म्हणायचा. लहान मुलांचा खडा काढायला सोपा, असंही तो नोंदवतो. म्हणजे वयानुसार धोका बदलतो हे तेव्हाही माहीत होतं.

युरोपात वेगळं नव्हतं. हिपोक्रॅटिसच्या शपथेतच, खड्यासाठी मी चिरणार नाही, ते काम त्यातल्या माहीतगारांवर सोडेन, अशा अर्थाचं कलम आहे. अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन म्हातारपणी मूत्राशयातल्या खड्याने हैराण होते. त्यांनी चाकू लावून घेतला नाही, अफूवर वेदना काढल्या आणि १७९० साली ८४व्या वर्षी गेले. त्या काळात हा निर्णय शहाणपणाचाच होता.

मग १८२४ साली पॅरिसमध्ये सिव्हिआल या सर्जनने न चिरता, लघवीच्या मार्गाने अवजार घालून खडा आतच फोडला. म्हाताऱ्यांसाठी ही पहिली खरी आशा. लंडनच्या हेन्री थॉम्पसन यांनी याच पद्धतीने १८६३ मध्ये बेल्जियमच्या पहिल्या लिओपोल्ड राजाला मोकळं केलं. राजाने सत्तरी ओलांडलेली होती.

त्याच थॉम्पसन यांच्या हातून दहा वर्षांनी वेगळं घडलं. फ्रान्सचा पदच्युत सम्राट तिसरा नेपोलियन. वय ६४, म्हणजे लिओपोल्डपेक्षा लहान. अनेक वर्षं खडा अंगावर काढलेला. १८७० च्या युद्धाआधी डॉक्टरांनी तपासलं होतं, पण उपचार पुढे ढकलले गेले. जानेवारी १८७३ मध्ये इंग्लंडमध्ये दोनदा खडा फोडला. तिसऱ्यांदा फोडायच्या आधीच सम्राट गेला. शवविच्छेदनात किडन्या आधीच खराब झालेल्या निघाल्या.

आता बघा, सर्जन एकच, पद्धत तीच. वय जास्त असलेला वाचला, कमी असलेला गेला. वय हा एकटा मुद्दा नव्हता. किती उशिरा आणलं आणि किडनी कोणत्या अवस्थेत आहे, हा मुद्दा होता. मला वाटतं, या सगळ्या इतिहासातली आपल्या कामाची गोष्ट हीच.

म्हाताऱ्या पुरुषांचं आणखी एक दुखणं म्हणजे प्रोस्टेट. ते वाढलं की लघवी पूर्ण होत नाही, साठून राहते आणि मूत्राशयात खडे होतात. यावर नाव घ्यावं लागतं पीटर फ्रेयर यांचं. वीस-एक वर्षं हिंदुस्थानात इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये नोकरी, खडे फोडण्यात हातखंडा. निवृत्त होऊन लंडनला गेले आणि १९०० पासून वाढलेलं प्रोस्टेट काढायची शस्त्रक्रिया त्यांनी नावारूपाला आणली. म्हणून आजही म्हाताऱ्याचा मूत्राशयातला खडा निघाला की डॉक्टर प्रोस्टेटही तपासतात. मूळ कारण राहिलं तर खडा परत येणार.

किडनीला मात्र हात लावायला बराच उशीर झाला. हेन्री मॉरिस यांनी १८८० मध्ये लंडनमध्ये किडनी चिरून खडा काढला. १८९५ मध्ये एक्स-रेचा शोध लागला आणि खडा कुठे आहे ते आधी दिसायला लागलं. पुढची ऐंशी-नव्वद वर्षं म्हणजे मोठी चिरफाड. कुशीत लांब छेद, कधी बरगडीचा तुकडाही काढायचा, महिना-दीड महिना अंथरूण. पाठीपासून पोटापर्यंत वण असलेले जुने लोक तुम्हीही पाहिले असतील. आपल्या आया-आज्यांच्या मनातलं ‘ऑपरेशन’ म्हणजे हे चित्र. त्यांची भीती खोटी नाही, फक्त ती त्या काळातली आहे.

कारण पुढच्या दहा-पंधरा वर्षांत चित्रच बदललं. १९७६ मध्ये स्वीडनमध्ये पाठीतून बोटाएवढं भोक पाडून दुर्बिणीने किडनीतला खडा काढला. हीच आजची पीसीएनएल. १९८० च्या फेब्रुवारीत म्युनिकमध्ये क्रिस्टियान शाउसी यांनी शरीराबाहेरून धक्कालहरी देऊन खडा फोडला. त्याआधी १९७८ मध्ये डबल-जे स्टेंट आला होता, किडनीपासून मूत्राशयापर्यंत बसणारी दोन्ही टोकं वळलेली नळी. नंतर लेसर आलं. लघवीच्या मार्गाने वाकणारी दुर्बीण किडनीपर्यंत नेऊन खड्याचा भुगा करतात, शरीरावर छेदच नाही. रक्त पातळ करणारी गोळी थांबवणं शक्य नसलेल्या म्हाताऱ्या पेशंटसाठी डॉक्टर बऱ्याचदा हाच मार्ग निवडतात.

आणि हे सगळं लांब परदेशात राहिलेलं नाही. एका माणसाच्या किडनीतून १,७२,१५५ खडे काढल्याची गिनीज बुकातली नोंद कुठली आहे? आपल्या शेजारच्या धुळ्याची, ८ डिसेंबर २००९ ची. पूर्वी किडनीच्या पेशंटला घेऊन लोक मुंबई नाहीतर गुजरातमधलं नडियाद गाठायचे. आज नाशिकमध्ये शालिमारला सरकारी विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय आहे, आडगावला मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, खासगी तर कितीतरी.

पैशाचा प्रश्न खरा आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. धुळे त्यात पहिल्याच टप्प्यात होतं, आपलं नाशिक २०१३ मध्ये आलं. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान कार्डावर वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार आहेत. ॲडमिट होण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठून दोनच गोष्टी विचारा : हे रुग्णालय योजनेत आहे का, आणि ही शस्त्रक्रिया इथे योजनेतून होते का.

मग आज धोका कुठे राहिला? माझ्या मते तो चाकूवरून दोन ठिकाणी सरकलाय.

पहिला, उशीर. सगळेच खडे काढायचे नसतात. लहान, न अडकलेला, त्रास न देणारा खडा डॉक्टर नुसता नजरेखाली ठेवतात. पण अडकलेला खडा आणि त्यात जंतुसंसर्ग झाला तर ती इमर्जन्सी असते. तेव्हा आधी नळी टाकून तुंबलेली किडनी मोकळी करतात, खड्याचं नंतर बघतात. आणि म्हाताऱ्या माणसात कळ येईलच असं नाही. कधी तापही नसतो. नुसतं जेवण तुटतं, गळून जातात, असंबद्ध बोलायला लागतात. घरचे म्हणतात, वय झालं. कुळथाचं कढण, पानफुटीची पानं चालू असतात. कढणाला माझा विरोध नाही, पण तुंबलेली किडनी कढणाने मोकळी होत नाही. आणि बोटाने किंवा तोंडाने ओढून खडा काढणारे महाराज? बोटांनी शस्त्रक्रिया करतो असा दावा करणं हा डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. तिथे जाण्यात नेमके महत्त्वाचे दिवस जातात.

दुसरा धोका कुणी फारसं बोलत नाही तो : विसरलेला स्टेंट. ऑपरेशन छान होतं, आजोबा घरी येतात, ‘अमुक दिवसांनी नळी काढायला या’ हे फाईलमध्ये लिहिलेलं असतं. मुलगा पुण्याला, द्राक्षाचा सीझन चालू, फाईल कपाटावर. नळी काही आठवड्यांसाठी असते, ती महिनोन् महिने राहते. तिच्यावरच खडे चढतात आणि ती काढायला पुन्हा मोठं ऑपरेशन लागतं. आमच्या नात्यातच एका म्हाताऱ्या बाईंची नळी अशी वर्षभर राहिली होती. त्यांना तर आत नळी आहे हेच माहीत नव्हतं. डिस्चार्ज देताना त्यांना कुणी समजावून सांगितलं नव्हतं आणि घरच्यांनी विचारलं नव्हतं.

म्हणून डिस्चार्जच्या दिवशी एकच करा. स्टेंट टाकलाय का विचारा आणि काढायची तारीख घरातल्या कॅलेंडरवर ठळक लिहा. शुगर, बीपी, रक्त पातळ करायच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांपुढे ठेवा, स्वतःच्या मनाने कोणतीही बंद करू नका. ‘या वयात करावं का’ हे विचारण्यापेक्षा तीन प्रश्न विचारा : नाही केलं तर किडनीचं काय होईल? कोणत्या पद्धतीने करणार आणि तीच का? भूलतज्ज्ञांनी तपासलंय का?

सुश्रुताने राजाची परवानगी घ्यायला सांगितली होती. आपल्याकडे आता राजा नाही, सही घरच्यांनीच करायची आहे. ती ऐकीव भीतीवर किंवा ऐकीव धाडसावर नको, माहितीवर व्हावी. आणि ज्यांच्या अंगावर ऑपरेशन होणार त्या आजी-आजोबांनाही विचारा की हो, त्यांना काय वाटतं ते.

तुमच्या घरातला अनुभव कमेंटमध्ये लिहा. डॉक्टर मंडळींनी काही भर घातली तर उत्तमच. आणि घरात कुणाची नळी काढायची राहिली असेल, तर पोस्ट शेअर करायच्या आधी ती फाईल कपाटावरून खाली काढा.