चहाच्या रंगाचा प्लग: एका निदानाची गोष्ट

पेट्रोल गाडी ‘मिसिंग मारते’ किंवा पिकअप घेत नाही, अशी तक्रार आली की जुने मिस्त्री बॉनेट उघडून आधी प्लग काढायचे. हिंगोली, वसमत, कळमनुरी, कुठंही जा, रीत हीच. चालत्या सिलिंडरच्या आत डोकावता येत नाही, पण प्लगचं टोक आतच राहून आलेलं असतं. त्यावरचा थर म्हणजे आत काय जळलं आणि कसं जळलं, याची नोंद.

काळी, कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त आणि हवा कमी: चोक अडकलाय, एअर फिल्टर तुंबलाय किंवा कार्बोरेटरमध्ये पेट्रोलची पातळी चढलीय. काळाच पण तेलकट, ओला असेल तर रिंगा झिजल्यात किंवा व्हॉल्व्हच्या बाजूनं ऑइल आत उतरतंय. पांढराफटक, चिनीमातीवर फोड आल्यासारखा, इलेक्ट्रोड खाल्लेला असेल तर टोक जास्त तापलंय: मिश्रण पातळ, टायमिंग पुढं, नाहीतर प्लगच त्या इंजिनाला न चालणारा. आणि फिकट तपकिरी, दुधाच्या चहासारखा असेल तर गाडी ठणठणीत, प्लग परत बसवा.

या सगळ्यात मला शेवटचा नियम सर्वांत रोचक वाटतो. कारण तो नुसता इंजिनाबद्दलचा नव्हताच, त्यात पेट्रोलचाही हात होता.

त्यासाठी थोडं मागं, अमेरिकेत जावं लागेल. जनरल मोटर्सच्या डेटन इथल्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली इंजिनाच्या ‘नॉकिंग’वर उपाय शोधत होता. ९ डिसेंबर १९२१ ला टेट्राएथिल लेड लागू पडलं. ठोका थांबला, पण जळलेल्या शिशाचा ऑक्साइड प्लगवर आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर साचायला लागला. मग पेट्रोलमध्ये एथिलीन डायब्रोमाइड घालायला सुरुवात झाली. त्यामुळं शिशाचं ब्रोमाइड बनायचं आणि बरंचसं वाफ होऊन सायलेन्सरमधून बाहेर जायचं. बरंचसं, सगळं नाही. उरलेल्या शिशाच्या संयुगांचा तपकिरी-करडा पातळ थर प्लगच्या चिनीमातीवर बसायचा. (जे बाहेर गेलं ते कुणाच्या फुप्फुसात गेलं, हा वेगळा आणि जास्त भयंकर इतिहास आहे.)

म्हणजे बघा, इंजिन चांगलं चालत असेल तर काजळी जळून जायची, टोक फार तापायचं नाही आणि दिसायचा तो प्रामुख्यानं इंधनातल्या मिश्रणद्रव्यांचा रंग. ‘चहाचा रंग’ ही निरोगी इंजिनाची खूण होती खरी, पण शिशाचं पेट्रोल पिणाऱ्या निरोगी इंजिनाची. कुर्ल्याच्या कारखान्यातली प्रीमियर पद्मिनी आणि नंतरची तीन सिलिंडरची मारुती ८००, या गाड्यांवर शिकलेल्या मिस्त्रींचा डोळा त्याच पेट्रोलवर तयार झालेला.

भारतात शिसं टप्प्याटप्प्यानं गेलं. १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाड्यांसाठी बिनशिशाचं पेट्रोल आलं, कारण शिशानं कन्व्हर्टर निकामी होतो. १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिशाचं पेट्रोल बंद. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो १ मे १९९९ ला, म्हणजे जिल्हा जेमतेम नऊ महिन्यांचा असताना त्याच्या पंपांवरचं पेट्रोल बदललं. त्यानंतर निरोगी इंजिनाचा प्लगही बऱ्याचदा पांढुरका, फार तर फिकट बदामी दिसायला लागला. जुना नियम जसाच्या तसा लावला तर असा प्लग बघून मिस्त्री म्हणणार, ‘मिक्स्चर पातळ आहे’, आणि स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवणार. आजार नसलेल्या गाडीला औषध, आणि मालकाच्या खिशाला भोक.

मग प्लग वाचणं बिनकामाचं ठरलं का? नाही. रीतीतला एक भाग टिकला, आणि संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी तोच नीट बघावा. चांगला मिस्त्री एकच प्लग कधी बघत नाही. पद्मिनीचे चारही काढून, कुठला कुठल्या सिलिंडरचा हे लक्षात ठेवून, ओळीनं फडक्यावर मांडतो. चारही सारखेच काळे असतील तर दोष सामाईक जागी: कार्बोरेटर, फिल्टर, पेट्रोल. तीन बरे आणि एकच तेलकट असेल तर दोष त्या सिलिंडरचा. एकच पेट्रोलनं ओला असेल तर बहुधा तिथं ठिणगीच पोचत नाही, आधी वायर तपासा. पेट्रोल चौघांनाही तेच मिळालेलं असतं, त्यामुळं त्याचा रंगावरचा परिणाम तुलनेत आपोआप वजा होतो. ‘कंट्रोल’ हा शब्द न वापरता केलेला हा पक्का कंट्रोल आहे. पेट्रोल बदललं तरी ही तुलना खोटी पडली नाही, खोटा पडला तो निव्वळ रंगाचा आकडा.

दुसरी गोष्ट मोजमापाच्या परिस्थितीची. प्लग स्वतःची काजळी जाळून साफ राहायला टोक अंदाजे ५०० अंश सेल्सिअसच्या वर असावं लागतं, आणि ८५०च्या पुढं गेलं की धोका सुरू. गाडी बाजारातून रखडत आली आणि गॅरेजात दहा मिनिटं नुसती चालू राहिली, तर प्लग काळाच निघणार. तो रस्त्यावरच्या आजाराबद्दल काहीच सांगत नाही, शेवटच्या दहा मिनिटांबद्दल सांगतो. म्हणून रेसिंगवाले इंजिन पूर्ण जोरात असतानाच इग्निशन बंद करतात, क्लच दाबून गाडी थांबवतात आणि तिथंच प्लग काढतात.

आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा ऑक्सिजन असतो, त्यामुळं कार्बोरेटरच्या जुन्या गाडीत मिश्रण खरोखरच थोडं पातळ होतं. इंजेक्शनच्या गाडीत ऑक्सिजन सेन्सर ते बघून पेट्रोल वाढवतो. दोन्ही गाड्यांचे प्लग पांढुरके निघू शकतात, एकाचा अर्थ ‘पातळ’ आणि दुसऱ्याचा ‘काही नाही’. त्यांना वेगळं करायचं तर रंग सोडून चिनीमातीच्या मुळाशी, आत खोलवर असलेलं काजळीचं कडं बघावं लागतं आणि इलेक्ट्रोडच्या कडा अजून धारदार आहेत का ते तपासावं लागतं. त्यासाठी भिंग लागतं, आणि ते बऱ्याच गॅरेजांत नसतं.