पीठिका : आधार की अलंकार?

साहित्याच्या अध्यापनात 'पीठिका' हा शब्द आपण नित्य वापरतो. सामाजिक पीठिका, वाङ्मयीन पीठिका असे मथळे देऊन दोन पाने लिहिली, की आपण मूळ कृतीकडे वळतो. मूर्ती ठेवण्याचे आसन, हा या शब्दाचा जुना अर्थ. आधार आणि कृती यांतील श्रेणीभेद आपण समजतो तितका स्थिर आहे काय? शिल्पाखालच्या लाकडी पीठिकांचा इतिहास याबाबत बरेच काही सांगतो, असे आम्हांला वाटते.

आंद्रे-शार्ल बूल (१६४२–१७३२) या फ्रेंच कारागिराला १६७२ मध्ये चौदाव्या लुईच्या आश्रयाने लूव्र राजवाड्यात जागा मिळाली. तेथील कारागिरांवर पॅरिसच्या व्यवसायसंघांचे निर्बंध नव्हते. त्यामुळे एरवी वेगवेगळ्या संघांकडे असणारे लाकूडकाम आणि ब्राँझकाम तो एकाच छपराखाली करू शकला. अर्धपुतळे, घड्याळे ठेवण्यासाठी त्याच्या कारखान्यात उंच पीठिका तयार होत. आतला सांगाडा साध्या लाकडाचा. त्यावर सरसाने चिकटवलेला कासवाच्या कवचाचा आणि पितळेचा पातळ थर. दोन्हींचे पत्रे एकावर एक ठेवून नक्षी एकदमच करवतीने कापली जाई. एकाच कापणीतून दोन नक्ष्या निघत: एकीत कवचावर पितळ, दुसरीत पितळेवर कवच. एकीतून कापून काढलेला तुकडा दुसरीत नेमका बसे.

परंतु लाकूड हवेतील ओलाव्याप्रमाणे फुगते आणि आकसते. पितळ त्याला साथ देत नाही. कालांतराने सरस सुटतो, पितळेच्या कडा उचलल्या जातात. म्हणून बूलच्या कामाचा इतिहास हा दुरुस्तीचाही इतिहास आहे. ज्या सांगाड्याकडे कोणी पाहत नाही, तोच वरच्या झळाळीचे आयुष्य ठरवतो. पुढे अशा पीठिका स्वतःच संग्राह्य ठरल्या. आज संग्रहालयांत त्या पाहिल्या जातात त्या कलाकृती म्हणूनच. वर काय ठेवले होते, हे गौण होते.

विसाव्या शतकात कॉन्स्टंटिन ब्रांकुशी (१८७६–१९५७) याने हा वरचा थरच नाकारला. आपल्या शिल्पांच्या पीठिका तो स्वतः घडवी आणि लाकडावरच्या हत्याराच्या खुणा उघड्या ठेवी. पीठिकांत वापरलेला आकार एकावर एक रचून त्याने १९१८ मध्ये ओक लाकडाचा 'अनंत स्तंभ' कोरला. त्याच्या माथ्यावर काहीही ठेवलेले नाही. आधार हीच कृती झाली.

बूलने आधार झाकला, ब्रांकुशीने उघडा केला. दुय्यम मात्र दोघांनीही मानला नाही. कृतीच्या पृष्ठभागावर दिसणाऱ्या भेगांचे कारण पुष्कळदा आतल्या सांगाड्यात असते. तेव्हा वर्गात आपण दोन पानांत उरकतो ती पीठिका पुन्हा एकदा सावकाश वाचावी, हे बरे.