न धावलेल्या मैलांचे मोल

ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातील रोमन स्थापत्यकार व्हिट्रुव्हियस याने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या भागात एका मनोरंजक यंत्राचे वर्णन केले आहे. रथाचे चाक चारशे वेळा फिरले म्हणजे एक रोमन मैल पुरा होई. आणि मैल पुरा झाला की दातेरी चाकांच्या योजनेने एक खडा खाली ठेवलेल्या ब्राँझच्या भांड्यात पडे. प्रवास संपल्यावर खडे मोजावेत आणि किती वाटचाल झाली ते सांगावे, अशी ती युक्ती होती. ज्याचे भांडे अधिक भरलेले, त्याचा पल्ला अधिक मोठा. आजच्या मोटारीतील मैलमापक, म्हणजेच ओडोमीटर, हा या यंत्राचाच वंशज होय. परंतु जुन्या स्पोर्ट्स मोटारींच्या बाजारात मात्र नेमका उलटा न्याय चालतो. तेथे ज्याचे भांडे रिकामे, तो धनवान! जे वाहन धावण्यासाठीच जन्माला आले, ते धावले नाही म्हणून त्याची किंमत वाढावी, हा प्रकार कसा घडून आला, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

या मोटारींचा मूळ काळ असा नव्हता. दुसरे महायुद्ध संपल्यानंतरच्या दोन दशकांत युरोपातील कारखान्यांतून एकाहून एक सरस स्पोर्ट्स मोटारी बाहेर पडल्या. १९४८ साली जॅग्वारची एक्सके १२० आली; तिच्या नावातील आकडाच ताशी १२० मैलांच्या वेगाचे अभिवचन देत होता. १९५४ साली मर्सिडीझची ३०० एसएल आली. तिचे दरवाजे पक्ष्याच्या पंखांप्रमाणे वर उघडत. १९५७ पर्यंत अशा अवघ्या १४०० गाड्या तयार झाल्या. १९६१ च्या मार्चमध्ये जिनीव्हा येथे जॅग्वारची ई-टाइप प्रकट झाली, आणि १९६२ ते १९६४ या काळात इटलीतील फेरारी कारखान्याने २५० जीटीओ नावाच्या केवळ ३६ मोटारी घडविल्या. या साऱ्या गाड्या घेणाऱ्यांनी त्या दामटण्यासाठीच घेतल्या होत्या. जुनी झालेली शर्यतीची मोटार ही त्या काळी निव्वळ जुनी मोटार असे. यांपैकी एक जीटीओ अमेरिकेत टेक्सासमधील एका हायस्कुलाला देणगी म्हणून मिळाली होती. त्या शाळेने ती १९७२ साली साडेसहा हजार डॉलरांना विकून टाकली. पुढे कित्येक वर्षे ती एका शेतात, उघड्यावर, गाड्यावर ठेवलेल्या स्थितीत पडून होती. मैलांचा आकडा त्या दिवसांत एवढेच सांगे की, यंत्र किती झिजले आहे.

पुढे या गाड्यांभोवती हौशी संग्राहकांची पिढी उभी राहिली. आरंभी तिचा ओढा जीर्णोद्धाराकडे होता. गाडी पूर्ण उकलावी, रंग खरवडून नवा द्यावा, चामडे बदलावे आणि कारखान्यातून निघाली तेव्हा होती त्याहूनही ती लखलखीत करावी, यात भूषण मानले जाई. परंतु अशा नव्या केलेल्या गाड्यांची संख्या जसजशी वाढत गेली, तसतशी एक गोष्ट जाणत्यांच्या ध्यानात आली. जीर्णोद्धार कितीही वेळा करता येतो. मूळचेपण मात्र एकदा गेले की पुन्हा येत नाही. कारखान्यातील कामगाराने बोल्टावर केलेली रंगाची खूण, मूळ शिलाई, मूळ रंगाचा थर हे सारे त्या काळाचे दस्तऐवज आहेत, आणि कमी धावलेल्या गाडीत ते टिकून राहण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. मैलांच्या अल्प आकड्याला प्रतिष्ठा मिळाली ती येथून. तो आकडा म्हणजे एक साक्ष झाली.

साक्ष म्हटली की खोट्या साक्षीचा प्रश्न आलाच. जुने मैलमापक बहुधा पाच आकडी असत. ९९,९९९ नंतर ते पुन्हा शून्यावर येत. शिवाय त्यांची तार सोडवून ठेवणे अथवा आकडे मागे फिरवणे हे कुशल कारागिराच्या हातचा मळ होते. अमेरिकेने १९७२ साली कायदा करून हा प्रकार बेकायदेशीर ठरवला, आणि १९८६ साली विक्रीच्या कागदपत्रांवर मैलांची नोंद करण्याचे नियम अधिक कडक केले. ब्रिटनमध्ये वार्षिक तपासणीच्या वेळी नोंदलेले मैल २००५ पासून सरकारी दप्तरात पाहता येतात. तथापि १९५० किंवा १९६० च्या गाडीला असा आधार कोठून मिळणार? तेथे दुरुस्तीची बिले, जुन्या मालकांची पत्रे, तपासणीचे दाखले यांची अखंड साखळीच उपयोगी पडते. सरकारी कचेरीत आयुष्य घालवणाऱ्यास यात नवल वाटू नये. फायलीतील एखाद्या टिपणाची किंमत त्याच्या मागेपुढे जोडलेल्या कागदांवरच अवलंबून असते. कागदांवाचून कमी मैल म्हणजे केवळ विक्रेत्याची जबानी.

ही साखळी पूर्ण असेल तर बाजार काय देतो, याचे उत्तम उदाहरण ब्रिटनच्या मॅक्लॅरेन एफ-१ या मोटारीचे आहे. सर्व प्रकार मिळून या गाडीचे अवघे १०६ नमुने तयार झाले. त्यांपैकी सुमारे ९,६०० मैल धावलेला एक नमुना २०१७ साली कॅलिफोर्नियात १ कोटी ५६ लाख २० हजार डॉलरांना विकला गेला. २०२१ च्या ऑगस्टमध्ये त्याच प्रांतात दुसरा एक नमुना लिलावास आला. तो मूळचा जपानमध्ये विकला गेलेला असून त्याच्या मापकावर केवळ २४२ मैल होते. त्याला २ कोटी ४ लाख ६५ हजार डॉलर मिळाले. मधल्या चार वर्षांत बाजारभाव बदलला होता, हे खरे. म्हणून सगळा फरक मैलांचाच, असे म्हणता येणार नाही. तरीपण न केलेल्या प्रवासाला केलेल्या प्रवासाहून अधिक मोल मिळते, हे यावरून दिसून येते. त्याबरोबर त्या मालकाची कोंडीही दिसते. जगातील अत्यंत वेगवान मोटारींपैकी एक दाराशी उभी आहे. परंतु तिच्यातून सहलीला जावे, तर प्रत्येक मैलागणिक स्वतःचीच संपत्ती खर्ची पडते.

मग गाडी घ्यावी, कुलुपात ठेवावी आणि श्रीमंत व्हावे, इतके हे सोपे आहे काय? हा प्रयोग अमेरिकेने १९७८ साली मोठ्या प्रमाणावर करून पाहिला. त्या वर्षी इंडियानापोलिसच्या पाचशे मैलांच्या शर्यतीत शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट ही अग्रेसर गाडी, म्हणजे पेस कार, होती. तिच्याच काळ्या-चंदेरी रंगातील प्रतिकृती कंपनीने विक्रीस काढल्या. मूळ किंमत होती सुमारे १३,६५३ डॉलर. या गाड्या पुढे दुर्मीळ होणार, अशी हवा पसरली. मूळ किमतीहून कितीतरी अधिक पैसे मोजून लोकांनी त्या घेतल्या आणि थेट गॅरेजात झाकून ठेवल्या. तथापि कंपनीने अशा ६,५०२ गाड्या केल्या होत्या आणि हजारो शहाण्यांनी एकच विचार केला होता! परिणामी जवळजवळ न धावलेल्या या गाड्या पुढील दशकांत पुनःपुन्हा बाजारात येत राहिल्या. महागाईचा हिशेब केला तर अनेकांच्या पदरी वर्षानुवर्षांची राखणच तेवढी पडली. सर्वांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ कशी होणार?

दुसरी अडचण निसर्गाची आहे. उभी गाडी सुरक्षित असते, हा भ्रम होय. ब्रेकमधील द्रव हवेतील ओलावा शोषून घेतो. पेट्रोल टाकीत साचून चिकट होते. तेल अडवणाऱ्या रबरी सीला कोरड्या पडून तडकतात. टायर एकाच जागी दबून बेढब होतात. क्लचची तबकडी जागच्या जागी चिकटून बसते. फेरारीच्या १९८७ साली निघालेल्या एफ-४० या मोटारीच्या इंधनटाक्या रबरी पिशव्यांसारख्या आहेत. गाडी धावो अथवा न धावो, ठरावीक वर्षांनी त्या बदलाव्याच लागतात. आपल्याकडील गृहिणींना हे तत्त्व ठाऊक आहे. कपाटात तशीच ठेवलेली पैठणी घडीवरच विरते. म्हणून ती मधूनमधून काढून घडी मोडावी लागते. न वापरलेली वस्तूही निगा मागते, आणि कित्येकदा वापरलेल्या वस्तूपेक्षा अधिक मागते.

याचा धडा ओक्लाहोमातील टल्सा शहराला मिळाला. राज्याच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त १५ जून १९५७ रोजी तेथील नागरिकांनी एक कोरी प्लिमथ बेल्व्हेडियर मोटार काँक्रीटच्या तळघरात पुरली. ही स्पोर्ट्स मोटार नव्हती. परंतु धडा सर्वांनाच लागू आहे. पन्नास वर्षांनी पेट्रोल मिळेल की नाही या शंकेने सोबत पेट्रोलही ठेवले होते. अणुबाँबलाही दाद न देणारे म्हणून वाखाणलेले ते तळघर २००७ च्या जूनमध्ये उघडले, तेव्हा ते पाण्याने भरलेले आढळले. मोटार गंजून तिचा सांगाडा झाला होता. धावलेले मैल जेमतेम काही; पण हाती उरली ती गंजाची रास.

आता चित्राची दुसरी बाजू पाहू. १९६२ साली बनलेली एक फेरारी २५० जीटीओ त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसजवळच्या माँतलेरी येथील शर्यतीत उलटली आणि ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेला स्कीपटू आंरी ओरेये तीत मृत्यू पावला. हीच गाडी दुरुस्त होऊन आणखी शर्यती खेळली, आणि २०१४ साली लिलावात तिला ३ कोटी ८१ लाख डॉलर मिळाले. १९६२ चीच दुसरी जीटीओ २०१८ साली ४ कोटी ८४ लाखांना गेली. तीही शर्यतीच जिंकलेली. या गाड्यांचे मैल कोणी मोजत नाही. त्यांच्या शर्यती मोजतात. न्यूयॉर्कजवळील लाँग आयलंडचा शिक्षक अर्व्ह गॉर्डन याने १९६६ साली घेतलेली व्होल्व्हो पी १८०० ही देखणी स्पोर्ट्स मोटार २०१३ साली अलास्कात ३० लाख मैलांवर पोहोचवली. तिच्यासारख्या गाड्या पुष्कळ आहेत. तिच्याइतकी चाललेली मात्र दुसरी नाही. तिची सारी कीर्ती त्या भरलेल्या भांड्याचीच आहे.

हे सारे एकत्र ठेवले म्हणजे बाजाराचा लहरीपणा पुष्कळसा उलगडतो. बाजार मैलांना पूजत नाही, विरळतेला पूजतो. सर्व गाड्या झिजत होत्या तेव्हा न झिजलेली विरळ झाली; सर्व नव्या केल्या गेल्या तेव्हा मूळची विरळ झाली; आणि हजारो गाड्या झाकून ठेवल्या गेल्या तेव्हा जिच्या मागे काही कथा आहे, ती विरळ झाली. भारत सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी जे नियम केले, त्यांतही वाहन मूळ रूपात आहे की नाही, हेच विचारले आहे. मैल विचारलेले नाहीत.

२०२४ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथील सुप्रसिद्ध मोटार-प्रदर्शनात सर्वोच्च मान १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ या मोटारीला मिळाला. जीर्णोद्धार न केलेल्या गाडीला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. ही गाडी शर्यतीत धावली होती आणि पुढे बेल्जियमचा राजा तिसरा लिओपोल्ड याच्या मालकीची झाली होती. तिचा रंग उडालेला आणि चामडे सुरकुतलेले होते. परीक्षकांनी तिच्या अंगावरचे ते नव्वद वर्षांचे वय तसेच राखल्याबद्दल तिचा गौरव केला. वस्तू जपणे याचा अर्थ तिला काळापासून लपवणे असा असेल, तर टल्साच्या नागरिकांनी ते केलेच होते. तिच्यावर उमटलेला काळ पुसू न देता तिची निगा राखणे हे अधिक कठीण काम आहे. मैलमापकावर दोनशे मैल असोत वा तीस लाख, गाडी घेणाऱ्याने सर्वांत आधी हेच पाहावे की, ते काम कोणी, किती वर्षे आणि किती प्रामाणिकपणे केले आहे.