सर्पगंधेचा शोधनिबंध

सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो, ही गोष्ट 1949 साली भारतात नवी नव्हती. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी 1931 मध्येच ‘इंडियन मेडिकल वर्ल्ड’ या नियतकालिकात मनोविकार आणि उच्च रक्तदाब या दोहोंवरील तिचा उपयोग नोंदवला होता. परंतु पाश्चात्त्य वैद्यकाने तिची गांभीर्याने दखल घेतली, ती मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांचा निबंध 1949 साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आल्यानंतरच. हा फरक केवळ नियतकालिकाच्या प्रतिष्ठेचा नव्हता. वकिलांनी मूळ कारण न सापडणाऱ्या उच्च रक्तदाबाचे 50 रुग्ण निवडून उपचारापूर्वीचा व नंतरचा दाब आकड्यांत मांडला, त्यामुळे दूरच्या वाचकाला लेखकाच्या शब्दावर विसंबण्याऐवजी नोंदींवरून स्वतःचे मत बनवता आले.

तरीही हा निबंध आपल्या काळाच्या किंचित मागेच होता, असे म्हणावे लागते. आदल्याच वर्षी ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी प्रसिद्ध केली होती. तिच्यातील 107 रुग्णांपैकी कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला केवळ अंथरुणात विश्रांती, हे यादृच्छिक संख्यांनी, म्हणजे वैद्याच्या पसंतीला वाव न ठेवता, ठरले होते. औषध न मिळालेल्या अशा रुग्णांना तुलनागट म्हणतात. वकिलांच्या निबंधात तो नसल्याने दाबातील घट मुळीमुळे किती आणि विश्रांतीमुळे वा उपचार मिळाल्याच्या समाधानामुळे किती, हे वेगळे काढता येत नाही. (छापण्यापूर्वी त्रयस्थ तज्ज्ञांकडून निबंध तपासून घेण्याची प्रथाही तेव्हा सार्वत्रिक नव्हती; पुष्कळदा संपादकाचा निर्णय पुरेसा ठरे.)

बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी या निबंधानंतर मुळीचे प्रयोग सुरू केले, 1952 मध्ये बाझेल येथील सिबा कंपनीच्या संशोधकांनी तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य वेगळे केले आणि 1957 मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. तुलनागटाची उणीव मात्र 1967 मध्ये भरून निघाली. त्या वर्षी अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांनी तीव्र रक्तदाबाच्या 143 पुरुषांवरील चाचणी प्रसिद्ध केली. तीत काहींना औषधे आणि इतरांना तशाच दिसणाऱ्या निष्क्रिय गोळ्या दिल्या होत्या, आणि औषधे घेणाऱ्यांत गंभीर दुष्परिणती फारच थोड्या आढळल्या. अर्थात तिथेही रेसर्पिन अन्य दोन औषधांच्या जोडीने दिलेले असल्याने श्रेयाचा नेमका वाटा अनिर्णितच राहिला.