समावेशक शिक्षण : शिक्षक-प्रशिक्षण
दिव्यांग मुलांना सर्वसाधारण वर्गात सामावून घेता यावे, म्हणून शिक्षकांना दिले जाणारे सेवांतर्गत प्रशिक्षण. भारतात केंद्र शासनाने १९७४ मध्ये एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. तथापि केवळ प्रवेश पुरेसा नव्हता. वर्गशिक्षक अप्रशिक्षित असल्यास मूल वर्गात बसूनही शिक्षणास पारखे राही. म्हणून राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने युनिसेफच्या साहाय्याने १९८७ मध्ये प्रकल्प हाती घेतला. महाराष्ट्रासह काही राज्यांतील निवडक विकासगटांत राबविलेल्या या प्रकल्पात सर्व शिक्षकांसाठी सु. एक आठवड्याचे, काहींसाठी सहा आठवड्यांचे व मोजक्यांसाठी एक वर्षाचे प्रशिक्षण होते. त्यामुळे विशेष शिक्षकापुरते मानले गेलेले हे कार्य प्रत्येक शिक्षकाचे ठरले. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने (२०१६) शिक्षकांना असे प्रशिक्षण देण्याची जबाबदारी शासनावर टाकली.